मागची सीट आधी बघा

गाडी घ्यायला गेलेला माणूस शोरूममध्ये आधी टाकीवरून हात फिरवतो, मग टांग टाकून पुढे बसतो, हँडल धरतो, आरशात स्वतःला बघतो. मागे कोण बसणार आहे आणि त्या माणसाला एकदा तिथे बसवून बघावं, हे त्याच्या गावीही नसतं. खरं तर आपल्याकडे मोटारसायकल ही निव्वळ एकट्याची वस्तू कधी नव्हतीच. सकाळी कामावर एकटा, संध्याकाळी बायकोला घेऊन मंडईत, रविवारी आईला घेऊन नातेवाइकांकडे, एवढं सगळं तीच एक गाडी करते.

पूर्वीच्या गाड्या हे ओळखून होत्या. १९७२ मध्ये बजाज चेतक आली आणि पुढची बरीच वर्षं कुटुंबाचं वाहन म्हणजे स्कूटर हे समीकरण पक्कं राहिलं. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० यांसारख्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. त्यांच्या सीटा लांब, सपाट आणि एकसंध होत्या. १९९४ ची स्प्लेंडरही त्याच घराण्यातली. २००१ मध्ये पल्सर आली आणि गाडी विकत घेण्याचं कारणच बदललं. ॲव्हरेजच्या जागी पिकअप बोलू लागला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तरुणांसाठीच्या गाड्यांची शेपूट वर चढत गेली, सीटचे दोन तुकडे झाले आणि मागचा तुकडा शाळेच्या वहीएवढा उरला. दिसायला झकास. बसायला मात्र शिक्षा.

एकट्याला साजेशी गाडी दोघांना चालेलच असं नाही. दोघांना नीट पेलणारी गाडी एकट्याला सहसा अडत नाही. म्हणून दोन्ही कामांची गाडी निवडायची असेल, तर निवड मागच्या सीटपासून सुरू करून पुढे यावं.

आधी आपला वापर ओळखा

डबलसीट म्हणजे नेमकं काय, हे घरोघरी वेगळं असतं. कॉलेजातला मित्र दहा मिनिटांसाठी मागे बसतो, तेव्हा त्याला काहीही चालतं. रोज बायकोला स्टेशनवर सोडायचं, सुट्टीत दोघांनी कोकणात उतरायचं किंवा गुडघे दुखणाऱ्या आईला दवाखान्यात न्यायचं, ही तीन वेगळी कामं आहेत. शेवटचं काम मुख्य असेल तर मोटारसायकलचा हट्ट सोडून स्कूटर घ्यावी, हे माझं सरळ मत आहे. चढायला-उतरायला सोपं, सीट रुंद, गिअरचे हिसके नाहीत. पुढचं सगळं वाचायची गरजही उरत नाही.

उरलेल्यांनी स्वतःला एवढंच विचारावं, की आठवड्यातून किती वेळा मागे कुणी असतं आणि सलग किती वेळ. अर्ध्या तासाच्या आतला प्रवास असेल तर सीटची थोडी तडजोड निभते. तासभर बसायचं असेल तर निभत नाही, मग इंजिन कितीही चांगलं असो.

मागचं वजन कुठे जातं

स्प्लेंडर प्लसचं वजन पेट्रोलसह ११२ किलो. चालवणारा ७० किलोचा धरला तर एकूण १८२. मागे ६० किलोचं माणूस बसलं की २४२. म्हणजे एका क्षणात गाडीचा एकूण भार एक-तृतीयांशाने वाढला. क्लासिक ३५० मुळात १९५ किलोची, त्यामुळे तेच माणूस तिच्यावर बसलं तर भार जेमतेम तेवीस टक्क्यांनी वाढतो. जड गाडीवर मागचा माणूस ‘जाणवत नाही’ असं लोक म्हणतात, त्यातलं अर्धं रहस्य या साध्या भागाकारात आहे.

वजन किती वाढलं, यापेक्षाही ते कुठे पडलं, याला महत्त्व आहे. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर बसलेला असतो. त्याच्या वजनाचा बहुतेक भाग मागच्या चाकाकडे जातो आणि चढावर किंवा जोरात गाडी उचलताना पुढचं चाक हलकं होतं. मागचा शॉकअप दबतो, टायर बसतो, हँडल सैल वाटू लागतं आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधलं अंतर, जास्त असेल तर मागच्या माणसाला बसायला जागा मिळते आणि हा तोलही कमी बिघडतो. स्प्लेंडरचा व्हीलबेस १२३६ मिलिमीटर, क्लासिक ३५० चा १३९०, होंडा हायनेस सीबी ३५० चा १४४१. माहितीपत्रकात हा आकडा कोपऱ्यात असतो. तो शोधून काढावा.

त्याहून कोपऱ्यात असतो भारक्षमतेचा आकडा. कंपनीने गाडी किती ओझ्यासाठी बनवली आहे, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. शंभर सीसीच्या गटात १३० किलो हा आकडा नेहमी आढळतो आणि त्यात चालवणारा, मागचा आणि सामान सगळं आलं. ७५ किलोचा नवरा आणि ६० किलोची बायको एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडली जाते. भाजीची पिशवी अजून हँडलला लागायचीच आहे. गाडी लगेच मोडत नाही हे खरं. पण शॉकअपचं तेल लवकर गळतं, मागचे स्पोक सैल पडतात, ब्रेक लायनर झिजतात आणि दोष मेकॅनिकला लागतो. दोघंही अंगाने भरलेले असतील तर शंभर सीसीची गाडी रोजच्या डबलसीटसाठी घेऊ नये.

सीट, फुटरेस्ट आणि गुडघे

मागच्या सीटचा विचार करताना लोक फोम दाबून बघतात. मऊ सीट शोरूममध्ये छान वाटते आणि वीस किलोमीटरनंतर आतला पत्रा लागायला लागतो. थोडी घट्ट, पण रुंद सीट लांबच्या प्रवासात जास्त टिकते. फोमच्या आधी बघायच्या गोष्टी मात्र निराळ्याच आहेत.

पहिली म्हणजे सीट आणि मागचा फुटरेस्ट यांच्यातलं अंतर. बसल्यावर मागच्या माणसाचे गुडघे कमरेच्या पातळीत किंवा जरा खाली राहिले पाहिजेत. गुडघे कमरेच्या वर गेले की मांड्यांचा आधार सुटतो, सगळं वजन माकडहाडावर येतं आणि अर्ध्या तासात माणूस चुळबुळ करू लागतो. खेळकर, शर्यतीच्या वळणाच्या गाड्यांत फुटरेस्ट मुद्दाम उंच बसवलेला असतो, कारण वळणावर गाडी झुकवताना तो जमिनीला घासू नये. चालवणाऱ्याच्या हौसेची ही किंमत मागचा माणूस मोजतो.

दुसरी गोष्ट सीटचा उतार. मागची सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. चालवणाऱ्याची मनगटं दुखतात, कारण दोघांचं वजन हँडलवर येतं. नवराबायकोंना पहिल्या आठवड्यात याची गंमत वाटते, नंतर नाही. उलट सीट सपाट आणि मागे जराशी चढती असली की माणूस जागच्या जागी राहतो.

तिसरी, मागची सीट पुढच्यापेक्षा किती उंच आहे. थोडी उंच असेल तर मागच्याला समोरचा रस्ता दिसतो, खड्डा येताना अंग सावरता येतं. फार उंच असेल तर वारा थेट छातीवर लागतो आणि वजन वर चढल्यामुळे सिग्नलला उभी गाडी डुलते.

हाताला धरायला काय आहे, हेही बघावं. सीटच्या मागची किंवा बाजूची दांडी बोटं पूर्ण आत जातील अशी हवी. काही नव्या गाड्यांत ती सीटखाली खाचेच्या रूपात लपवलेली असते. घाटात ती शोधत बसायला वेळ नसतो. सायलेन्सर उजव्या फुटरेस्टच्या किती जवळून जातो, त्यावर जाळी किंवा पत्रा आहे का, हे पाहायला विसरू नये. मागच्या माणसाची पोटरी भाजण्याचे प्रकार उभ्या गाडीवरून उतरतानाच जास्त होतात. काही जुन्या गाड्यांत मागचे फुटरेस्ट चेसीला न जोडता मागच्या चाकाच्या फोर्कलाच जोडलेले असत, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याबरोबर पाय वरखाली होत. अशी गाडी आजही कुणी देऊ केली तर दोनदा विचार करावा.

गोव्यात दिवसभर अनोळखी माणसं मागे बसवून नेणारे दुचाकी टॅक्सीवाले असतात. तिथे त्यांना पायलट म्हणतात. पिवळ्या मडगार्डच्या त्यांच्या गाड्या नीट बघितल्या तर बहुतेक साध्या, लांब सीटच्या कम्यूटर गाड्याच दिसतात. ज्यांचं पोट मागच्या सीटवर चालतं, त्यांची ही निवड कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा बोलकी आहे.

साडी, ओढणी आणि कायदा

बाहेरच्या देशांतल्या गाड्यांविषयीच्या सल्ल्यात ही गोष्ट सापडणार नाही. आपल्याकडे मागे बसणाऱ्या अनेक बायका साडीत असतात आणि एका बाजूला पाय सोडून बसतात. त्यांच्यासाठी डाव्या बाजूला साडीगार्ड आणि त्याला जोडलेला पाय ठेवायचा पट्टा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार मागे माणूस बसवण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायची कायमची दांडी, फुटरेस्ट आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं आवरण असलंच पाहिजे. कपडा चाकात अडकू नये, हे कारण नियमातच लिहिलेलं आहे. तरीही गाडी घरी आली की शोभा जाते म्हणून साडीगार्ड काढणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर काय होतं, ते सरकारी रुग्णालयातल्या अपघात विभागात विचारावं.

चेनला पूर्ण झाकण आहे की वरची नुसती पट्टी, हाही याच यादीतला मुद्दा. घरात साडी नेसणारी किंवा लांब ओढणी घेणारी माणसं असतील तर पूर्ण चेनकव्हर असलेली गाडी जास्त सुरक्षित. शिवाय चिखल-धुळीत चेनही जास्त टिकते.

एका बाजूला बसणं मुळात कमी सुरक्षित आहे, यात शंका नाही. वजन एकीकडे जातं, धरायला एकच हात मोकळा राहतो, अचानक ब्रेक लागला तर अंग सावरता येत नाही. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येत असेल तर तसंच बसावं. जिथे ते शक्य नाही तिथे निदान सीट रुंद आणि सपाट हवी. दोन तुकड्यांच्या निमुळत्या सीटवर एका बाजूला बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

कायद्याचं उरलेलं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसवता येतो. ट्रिपलसीट सापडल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र होऊ शकतं. १२९ व्या कलमानुसार हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे, म्हणून गाडीच्या बजेटमध्ये दोन हेल्मेट धरावीत. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला नेताना त्याला पट्ट्याने चालवणाऱ्याशी बांधणं, डोक्यावर हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असा नियम आहे. लहान मूल नेहमी बरोबर असेल तर खरेदीच्या वेळीच हे लक्षात असू द्यावं.

शॉकअपची चकरी

दोन्ही कामांच्या गाडीत सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला किती आधीच दाबून ठेवायचं, हे ठरवणारी चकरी त्याच्या टोकाला असते. दोन शॉकअपच्या गाडीत तिला पायऱ्या असतात, बहुतेकांत पाच. क्लासिक ३५० ला सहा. टूलकिटमधला अर्धगोल पाना लावून ती फिरवायची. एकटा असताना खालची पायरी, मागे माणूस आणि सामान असताना वरची. दोन्हीकडची पायरी सारखी ठेवायची, एवढं पथ्य.

चकरी खालीच राहिली आणि मागे जड माणूस बसला तर स्पीडब्रेकरवर शॉकअप तळाला जाऊन ठक्कन आवाज येतो, मेन स्टँड घासतो. चकरी वरच राहिली आणि गाडी एकटा चालवू लागला तर प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यात पोचतो. ‘या गाडीचं सस्पेन्शन कडक आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांनी ही चकरी कधी हातात धरलेली नसते.

म्हणून शोरूममध्ये विचारावं: चकरी आहे का, किती पायऱ्यांची, आणि पाना तिथपर्यंत पोचतो का? सीटखाली लपलेल्या एका शॉकअपच्या, म्हणजे मोनोशॉकच्या, गाड्या रस्त्यावर छान धरून चालतात. पण काहींत चकरीपर्यंत हात पोचवायला बाजूचे पत्रे काढावे लागतात. जे काम गॅरेजमध्ये जाऊन करावं लागतं ते दर रविवारी कुणी करत नाही. ज्याच्या मागे आज माणूस आहे आणि उद्या नाही, त्याने हात सहज पोचेल अशीच रचना घ्यावी. साधे दोन शॉकअप यात उजवे ठरतात, दिसायला जुनाट असले तरी.

सीसी नव्हे, घाटातला जोर

पल्सर एनएस २०० ची ताकद साडेचोवीस पीएस, क्लासिक ३५० ची वीसच्या आसपास. कागदावर एनएस वरचढ. पण एनएसची ती ताकद ९,७५० आरपीएमला मिळते आणि टॉर्क, म्हणजे चाक ओढण्याचा जोर, १८.७ न्यूटन मीटर, तोही ८,००० आरपीएमला. क्लासिकला ४,००० आरपीएमलाच २७ न्यूटन मीटर मिळतात, हायनेसला तर ३,००० ला ३०. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे अडकलात आणि मागे माणूस व बॅगा आहेत, अशा वेळी एनएसवाल्याला दोन गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं. हायनेसवाला आहे त्याच गिअरमध्ये मूठ पिळतो. एकटा असताना दुसऱ्या जातीच्या इंजिनाची मजा कमी वाटेल, हे कबूल. पण दोघांच्या प्रवासात खालचा जोरच कामाला येतो, आणि गिअर कमी बदलले की मागच्या माणसाचं हेल्मेट पुढच्यावर आपटणंही कमी होतं.

मग साडेतीनशे सीसीच हवी का? मुळीच नाही. शहरात आणि सपाटीवर १२५ सीसीची गाडी दोघांना व्यवस्थित नेते. घाट वरचेवर असेल, पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर चढायचं असेल, तर १५०-१६० सीसीच्या गटातली, तेरा-चौदा पीएसची गाडी पुरेशी ठरते. वेगाचा मोह धरू नये, कारण आपल्याकडच्या सर्वांत वेगवान रस्त्यांवर दुचाकीला मुळात बंदी आहे: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सी लिंक, अटल सेतू. उरलेल्या रस्त्यांवर दोघांनी सत्तर-ऐंशीच्या वेगात निवांत जाता यावं, आणि त्या वेगात इंजिन दमलेलं नसावं, एवढीच अपेक्षा रास्त.

ब्रेक

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी ब्रेकपद्धत, सक्तीचं आहे. १२५ सीसीपर्यंत निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पद्धत असते. यात बघण्यासारखं हे, की एबीएस एका चाकाला आहे की दोन्हींना. मागे माणूस असताना मागच्या चाकावर भार असतो, म्हणून मागचा ब्रेक चांगला पकडतो. तोच पाय तेवढ्याच जोराने एकटे असताना पडला की हलकं झालेलं मागचं चाक अडकून घसरतं. पायाला दोन वेगळ्या गाड्यांची सवय लावावी लागते. म्हणून ज्याची गाडी कधी एकट्याची, कधी दोघांची, त्याने पाच-सात हजार जास्त देऊन दोन्ही चाकांचं एबीएस घ्यावं. नेहमी एकटा चालवणाऱ्यापेक्षा याला त्याचा उपयोग जास्त.

उंची आणि उभी गाडी

चालत्या गाडीवर वजन कळत नाही, उभ्या गाडीवर कळतं. मागचा माणूस डाव्या फुटरेस्टवर पाय ठेवून वर चढतो तेव्हा गाडी डावीकडे ओढली जाते, आणि ती सावरायला चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकायला हवेत. साधारण साडेपाच फुटांच्या माणसाला ८०० मिलिमीटरपर्यंतची सीट सोयीची. स्प्लेंडरची ७८५, मिटिओर ३५० ची ७६५. एक्सपल्स २००, व्ही-स्ट्रॉम एसएक्स, हिमालयन ४५० अशा उंच गाड्या ८२५ ते ८४५ च्या घरात जातात. उंच माणसाला त्या दोघांच्या लांब प्रवासासाठी उत्तम, पण बुटक्याने मागे माणूस घेऊन उतारावर सिग्नलला थांबून बघावं आणि मगच पैसे भरावेत. मागे बसणाऱ्यालाही त्या उंचीवर टांग टाकता आली पाहिजे. नुसता आकडा पुरत नाही, कारण रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय आखूड पडतात.

मग कोणती?

बजेट कमी आणि दोघंही हलके असतील तर शंभर सीसीची लांब सीटवाली कम्यूटर आजही चालते. थोडे पैसे वाढवता आले तर होंडा शाइनसारखी एकसंध सीटची १२५ सीसी घ्यावी. टीव्हीएस रेडर चपळ आहे, एकट्याला मजा देते, पण तिच्या बहुतेक प्रकारांत सीट दोन तुकड्यांची. मागच्याला बसवून मगच ठरवा. पल्सर १५० चा एकच डिस्क असलेला प्रकार एकसंध सीटचा आहे, दोन डिस्कचा तुकड्यांचा. एकाच नावाच्या गाडीत असा फरक असतो, म्हणून दुकानदार ‘पल्सर’ म्हणतो तेव्हा कोणती, ते विचारावं.

माझी पसंती विचाराल तर घाट आणि शहर दोन्ही असणाऱ्या सामान्य जोडप्यासाठी होंडा युनिकॉर्न. २००४ पासून हे नाव बाजारात आहे. आताची १६० सीसीच्या गटातली, १४० किलोच्या आसपास वजन, लांब एकसंध सीट. तिच्याकडे रस्त्यावर कुणी वळून बघत नाही. मागे बसणारी माणसं मात्र तक्रार करत नाहीत, आणि एकट्याने कामावर जातानाही ती ओझं वाटत नाही.

लांबच्या प्रवासाची हौस असेल तर साडेतीनशेचा गट. मिटिओर खाली बसते, तिच्या सुपरनोव्हा प्रकारात मागच्याच्या पाठीला टेकू मिळतो. हायनेसचं इंजिन गोड आहे. क्लासिकची मागची सीट वेगळी असून काढता येते, म्हणून एकट्याने फिरणाऱ्यांना ती आवडते. त्याच घरातली २०२४ ची गोवन क्लासिक नावाने आपल्या शेजारची असली, तरी तिचा सगळा नखरा एकट्याच्या तरंगत्या सीटचा आहे. मागची जोडलेली सीट ही सोय म्हणून दिलेली. जावा पेराक आणि ४२ बॉबर तर उघडपणे एकट्याच्या गाड्या. त्या सुंदर आहेत आणि घरात दुसरं वाहन असेल तर खुशाल घ्याव्यात.

ट्रायल दोघांनी घ्या

शोरूमवाले ट्रायल देतात ती चौकापर्यंत आणि परत. तेवढ्यात पिकअप कळतो, मागची सीट कळत नाही. जो मागे बसणार त्यालाच बरोबर न्यावं, नेहमीच्या कपड्यांत. साडी असेल तर साडीत. आधी शॉकअपची चकरी दोघांसाठी लावून मागावी. कुरकुर करतील, आग्रह धरावा. मग एक स्पीडब्रेकर, एक चढ आणि एक उतरता सिग्नल सापडेल असा रस्ता घ्यावा. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर मूठ पिळल्यावर गाडी उचलते की कण्हते, ते ऐकावं. परत आल्यावर आधी मागच्याने बोलावं. पाय कुठे ठेवू कळत नव्हतं, पुढे घसरत होते, धरायला काही नव्हतं, यांपैकी एक वाक्य आलं तरी ती गाडी बाजूला. रंग आवडला म्हणून या वाक्यांकडे दुर्लक्ष करून घेतलेली गाडी पुढे एकट्याचीच होऊन बसते.

जुनी गाडी बघत असाल तर मागे माणूस बसवून चालवल्याशिवाय व्यवहार करू नका. शॉकअपच्या दांडीवर तेलाचा ओला थर, दोघं बसल्यावर वळणावर मागून डुलणं, ही जास्त ओझं वाहिल्याची चिन्हं आहेत. डुलण्याचं कारण बहुधा मागच्या फोर्कचे बुश असतात. ते बदलता येतात, पण किंमत त्या हिशेबाने पाडून घ्यावी.

घरी आल्यावर

चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर हवेचा स्टिकर असतो. त्यावर मागच्या चाकासाठी दोन आकडे दिसतील, एकट्यासाठी आणि दोघांसाठी. पंपावरचा पोरगा डोळे झाकून एकच आकडा भरतो, त्याला आकडा आपण सांगायचा. चेनची ढील तपासताना मागे माणूस बसवून एकदा बघावी, कारण शॉकअप दबला की चेन ताणली जाते. एकट्याला बरोबर वाटणारी घट्ट चेन दोघांच्या वजनाखाली स्प्रॉकेट खाते. टॉप बॉक्स लावायचा असेल तर त्याच्या रॅकवरची वजनमर्यादा वाचावी. ती बहुधा पाच-दहा किलोंचीच असते आणि ते वजन आसाच्याही मागे लोंबतं. जड सामान टाकीवरच्या बॅगेत, हलकं मागे. हेडलाइटखाली किंवा मागे एक स्क्रू असतो. रात्री दोघांनी निघायचं असेल तर मागच्याला बसवून, भिंतीवर झोत पाडून तो थोडा खाली घ्यावा आणि सोमवारी एकट्याने निघताना परत वर.